नोटांच्या गड्डीतला ट्रान्समीटर: हा धंदा पेजरवाल्यांच्या हाती कसा गेला?

खडूफळा

अमेरिकेतल्या बँक दरोड्यांबद्दल वाचताना दोन वस्तू सारख्या समोर येतात. एक म्हणजे फुटून लाल रंग उडवणारं नोटांचं पुडकं आणि दुसरी म्हणजे गड्डीच्या पोटात लपवलेला रेडिओ ट्रान्समीटर. पहिलीबद्दल हवं तेवढं वाचायला मिळतं. दुसरीचा माग काढायला गेलं की कंपन्यांची नावं बदलत जातात: ईटीएस, प्रोनेट, मेट्रोकॉल, मध्येच कुणीतरी लोजॅक घुसडतं, आणि शेवटी थ्रीएसआय. यातलं कोण कुणाचं?

त्याहून जास्त छळणारा प्रश्न असा की प्रोनेट आणि मेट्रोकॉल या पेजरच्या कंपन्या. पेजरवाल्यांचा दरोड्याशी काय संबंध? आणि जीपीएस आल्यावरही पोलिस हातात अँटेना घेऊन का फिरतात?

तांत्रिक तपशील चालतील, आकडे असतील तर फारच छान. हा ट्रान्समीटर चुकवायचा कसा हे मात्र नको. तसलं कुणी लिहिलंच तर संपादकांनी उडवावं.

लहरलांबी

आधी दोन्ही वस्तू वेगळ्या करू, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो.

रंगाचं पुडकं हा रसायनाचा खेळ आहे. रोखपालाच्या खणात ते एका चुंबकीय पट्टीवर ठेवलेलं असतं. पट्टीवर आहे तोवर झोपलेलं. उचललं की जागं होतं, पण लगेच फुटत नाही. बँकेच्या दाराशी एक लहान ट्रान्समीटर बसवलेला असतो. पुडकं त्याच्या टप्प्यातून गेलं की आतला टायमर सुरू होतो, आणि साधारण १० सेकंदांनी लाल रंग आणि धूर बाहेर पडतो, बहुधा अश्रुधूरही. रंगद्रव्य मिथिलअमिनोअँथ्राक्विनोन. रंग उडवणारं मिश्रण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं, त्यामुळे पुडकं कपड्यात खुपसलेलं असेल तर चांगलंच भाजतं. नोटा निकामी करणं आणि माणसावर खूण उमटवणं एवढंच त्याचं काम. माणूस कुठल्या गल्लीत वळला हे ते सांगत नाही.

ट्रॅकरचा, म्हणजे गड्डीत लपवलेल्या ट्रान्समीटरचा, स्वभाव याच्या नेमका उलट. त्याने फुटायचं नाही, तापायचं नाही, चोराला आपला पत्ता लागू द्यायचा नाही. चुंबकीय पट्टीची युक्ती तीच: पट्टीवरून उचललं की आतला रीड स्विच (चुंबकाने उघडझाप होणारा) पलटतो आणि प्रक्षेपण चालू होतं. दाराची वाट तो बघत नाही. रंगाच्या पुडक्यात दार बोलतं आणि गड्डी ऐकते. ट्रॅकरमध्ये गड्डी बोलते आणि अख्ख्या शहराने ऐकायचं असतं. हा फरक नीट धरून ठेवा, कारण खर्च सगळा त्या 'ऐकण्या'त आहे.

गड्डीचं माप बघा. अमेरिकन नोट १५६ × ६६ मिलिमीटर, जाडी ०.११ मिलिमीटर, वजन १ ग्रॅम. म्हणजे १०० नोटांच्या गड्डीची जाडी ११ मिलिमीटर आणि वजन १०० ग्रॅम. वीस डॉलरच्या नोटा असतील तर २,००० डॉलर, आणि वर जांभळी कागदी पट्टी. एवढ्या जागेत वर-खाली खऱ्या नोटा ठेवून मधे सर्किट, बॅटरी आणि अँटेना बसवायची. शिवाय हातात घेतल्यावर गड्डी लवली पाहिजे. टणक वडीसारखी लागली तर सोंग तिथेच उघडं पडतं.

बिघडतं ते बहुतेक वेळा बँकेच्या आतच. संध्याकाळी रोकड मोजताना सवयीने गड्डी उचलली, किंवा नव्या रोखपालाने ती खरी समजून ग्राहकाला दिली, की शहरभर इशारा गेलाच. बॅटरी संपली तर खणात ठेवलेली ती वस्तू नुसती जाड कागद. आणि लोक विसरतात अशी एक बाब म्हणजे नोटांचं डिझाइन बदलणं. शंभराची नोट १९९६ मध्ये बदलली, पन्नासची १९९७ मध्ये, विसाची १९९८ मध्ये, आणि विसाची पुन्हा २००३ मध्ये रंगीत झाली. दर वेळी खणातल्या नकली गड्ड्यांवरच्या वर-खालच्या नोटा बदलाव्या लागणार. सगळी रोकड नवी आणि एकच गड्डी जुन्या छापाची, हे दुरूनही दिसतं.

जमाखर्च

लहरलांबी, छान मांडलंत. आता कंपन्यांकडे येतो.

सुरुवात १९६८ च्या बँक संरक्षण कायद्यापासून करावी लागते. त्या कायद्याखालच्या नियमांत बँकांना ओळख पटवणारी साधनं ठेवायला सांगितलं आहे: आधी क्रमांक टिपून ठेवलेल्या नोटा, किंवा रासायनिक वा इलेक्ट्रॉनिक साधनं. यातला 'किंवा' महत्त्वाचा. चार नोटांचे क्रमांक वहीत लिहून ठेवले तरी नियम पाळला जातो. म्हणजे ट्रॅकर विकणाऱ्याला कायद्याचा रेटा मिळत नाही, शाखेच्या व्यवस्थापकाला पटवूनच माल खपवावा लागतो. कोणत्या गावी खपेल? जिथे दरोडे दाट पडतात तिथे. १९९२ साली एकट्या लॉस एंजेलिस परिसरात २,६४१ बँक दरोडे पडले. त्या काळात हा माल कुठे आणि का चालला ते यावरून कळेल.

ईटीएस म्हणजे इलेक्ट्रॉनिक ट्रॅकिंग सिस्टीम्स. ती डॅलसच्या प्रोनेट या पेजर कंपनीची शाखा. गड्डीतल्या यंत्राचं व्यापारी नाव ट्रॅकपॅक. पैशाची रचना अशी: बँक ट्रॅकपॅक भाड्याने घेते आणि भाडं भरत राहते, पोलिसांना गाडीतले रिसीव्हर कंपनी आपल्या खर्चाने देते, शहरातल्या उंच जागांवर स्थिर रिसीव्हरही कंपनीच बसवते. ट्रॅकपॅक चालू झाला की स्थिर रिसीव्हर पोलिस नियंत्रण कक्षाला कळवतात की अमुक भागात इशारा सुटलाय, आणि पुढचं काम गाड्यांतल्या रिसीव्हरचं.

आता पेजरवाले का, याचं उत्तर यातच आहे असं मला वाटतं (हा माझा तर्क, कुठल्या वार्षिक अहवालातलं वाक्य नव्हे). पेजर म्हणजे टॉवरवर ट्रान्समीटर आणि खिशात रिसीव्हर. ट्रॅकर म्हणजे खिशात ट्रान्समीटर आणि टॉवरवर रिसीव्हर. जोडणी फक्त उलटी झाली. उंच इमारतींच्या गच्च्यांचे भाडेकरार, रेडिओ दुरुस्त करणारी माणसं, काड्यापेटीएवढ्या खोक्यात सर्किट कोंबायचं कसब, आणि हजारो लहान वस्तू महिन्याच्या भाड्यावर देऊन बिघडली की बदलून द्यायची यंत्रणा, हे सगळं पेजर कंपनीकडे आयतंच असतं. तिजोऱ्या बनवणाऱ्याकडे किंवा अलार्मवाल्याकडे यातलं निम्मंही नसतं.

पुढची वंशावळ थोडक्यात. ३० डिसेंबर १९९७ ला प्रोनेट मेट्रोकॉलमध्ये विलीन झाली. मेट्रोकॉल व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियाची, एकामागून एक पेजर कंपन्या गिळत निघालेली. १९९८ मध्ये तिने एटी अँड टीचा पेजर विभागही घेतला. तिला हवे होते पेजरचे ग्राहक. बँकांचे ट्रॅकर हे लग्नात आलेलं करवलीचं सामान. ते तिच्याकडे फार दिवस राहिलं नाही. मोबाइलने पेजर खाल्ले, २००२ मध्ये मेट्रोकॉल दिवाळखोरी कायद्याच्या आश्रयाला गेली, त्यातून निघून २००४ मध्ये आर्च वायरलेसशी एकत्र येऊन यूएसए मोबिलिटी झाली, आणि २०१४ पासून तिचं नाव स्पोक. म्हणजे ज्या घराण्याने गड्डीतला ट्रान्समीटर सांभाळला ते आज इस्पितळांना संदेश यंत्रणा विकतं, आणि ट्रॅकर दुसऱ्याच घरी नांदतोय.

थ्रीएसआय पेनसिल्व्हेनियातल्या माल्व्हर्नची. आज रंगाची पुडकी आणि ट्रॅकर दोन्ही एकाच दुकानात मिळतात ते तिच्याकडे. रंगाच्या बाजूला पूर्वी आयसीआय या रसायन कंपनीचं नाव असायचं. रसायनवाल्यांकडे रसायन आणि रेडिओवाल्यांकडे रेडिओ अशी जुनी वाटणी होती, ती आता मोडली.

लोजॅक या कुटुंबातली नाही. शेजारची म्हणा. ती चोरीच्या मोटारींसाठी.

पारवा

१०० मिलिवॅट वगैरे कुठेतरी वाचलंय या यंत्राबद्दल. तेवढी ताकद तर घरातल्या वायफाय राउटरला असते, आणि तो दोन भिंतींपलीकडे धापा टाकतो. मला तर हे सगळं चोराला घाबरवायचं बुजगावणं वाटतं.

काटकोन

पारवा, ताकद बरोबर सांगितलीत, निष्कर्ष चुकला. नुसता वॅट बघून पल्ला कळत नाही.

प्रथम फ्रिक्वेन्सी. अमेरिकेत रेडिओचे परवाने देणाऱ्या एफसीसीने १९९६ मध्ये २१६ ते २१७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी ताकदीची रेडिओ सेवा सुरू केली. कमी ऐकू येणाऱ्यांची श्रवणयंत्रणा, आरोग्यसेवा, आणि पोलिसांनी माग काढणं, अशी वेगवेगळी बिऱ्हाडं या एका वाड्यात. कमाल ताकद १०० मिलिवॅट. एक मेगाहर्ट्झचे २५ किलोहर्ट्झप्रमाणे ४० चॅनेल पडतात; त्याच पट्ट्याचे ५० किलोहर्ट्झचे २० आणि ५ किलोहर्ट्झचे २०० चॅनेल अशीही वाटणी आहे. त्यातले १९, २०, ५० आणि १५१ ते १६० हे फक्त पोलिसांच्या माग काढण्याच्या कामासाठी राखीव. क्रमांक विखुरलेले दिसतात, पण गणित करून बघा: तिन्ही वाटण्यांत तो एकच तुकडा येतो, २१६.४५ ते २१६.५० मेगाहर्ट्झ. म्हणजे या संपूर्ण धंद्याची जमीन ५० किलोहर्ट्झ रुंद.

आता वायफायशी तुलना. वायफाय २,४३७ मेगाहर्ट्झच्या आसपास. सारख्या लाभाच्या अँटेना धरल्या तर २१६.५ वर मोकळ्या हवेतला ऱ्हास २१ डेसिबलने कमी (डेसिबल हे पटींचं माप: १० म्हणजे १० पट, २० म्हणजे १०० पट). वायफायचा चॅनेल २० मेगाहर्ट्झ रुंद. ट्रॅकरचा समजा १२.५ किलोहर्ट्झ. रुंदी १,६०० पट कमी, म्हणून रिसीव्हरमध्ये शिरणारा गोंगाट ३२ डेसिबलने कमी. बेरीज ५३ डेसिबल. तेवढ्याच १०० मिलिवॅटला एवढी मोठी सवलत मिळते, कारण ट्रॅकरला चित्रपट पाठवायचा नसतो, 'मी इथे आहे' एवढंच म्हणायचं असतं.

प्रत्यक्ष आकडा काढू. १०० मिलिवॅट म्हणजे २० डीबीएम (१ मिलिवॅटच्या तुलनेतले डेसिबल). १ किलोमीटरवर मोकळ्या हवेतला ऱ्हास ७९ डेसिबल. २१६.५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी १.३८ मीटर, पाव तरंगाची अँटेना ३५ सेंटिमीटर, आणि नोट अवघी १५.६. त्यामुळे अँटेना दुमडून, कॉइलने लांबी भरून काढावी लागते. तिथे १० डेसिबल गेले असं धरा. मोटारीच्या पत्र्याने आणखी १५ खाल्ले. उरले उणे ८४ डीबीएम. अरुंद पट्ट्याचा बरा रिसीव्हर उणे १२० पर्यंत ऐकतो. ३६ डेसिबल शिल्लक. शहरात इमारती यातले ३० सहज गिळतात, तरी टॉवरवरचा रिसीव्हर ऐकतो. बुजगावण्याला एवढा आवाज नसतो.

बॅटरीचा हिशेब मांडला की यंत्र सतत का बोलत नाही ते कळतं. १०० मिलिवॅट बाहेर टाकायला ४० टक्के कार्यक्षमतेने २५० मिलिवॅट आत लागतात, म्हणजे ३ व्होल्टवर सुमारे ८३ मिलिअँपिअर. गड्डीत मावेल अशी २०० मिलिअँपिअर-तासाची चपटी बॅटरी सलग प्रक्षेपणात अडीच तासही पुरणार नाही. दर सेकंदाला एक दशांश सेकंदच बोलायचं ठरवलं की तीच बॅटरी दिवसभर चालते. म्हणून असले ट्रॅकर टिकटिक करतात. (बॅटरीचे हे आकडे उदाहरणादाखल घेतलेत, ट्रॅकपॅकच्या तपशीलपत्रातले नाहीत.)

खडूफळा

वा! पण मग लोजॅकचं काय? त्यांनाही हाच पट्टा का नाही दिला? आणि गाडीतला रिसीव्हर दिशा नक्की कशी काढतो?

काटकोन

लोजॅकची फ्रिक्वेन्सी १७३.०७५ मेगाहर्ट्झ. आता गंमत बघा. अमेरिकेत टीव्हीचे ७ ते १३ हे चॅनेल १७४ ते २१६ मेगाहर्ट्झमध्ये बसतात. लोजॅक चॅनेल ७ च्या कुंपणाला खालून टेकलेला, आणि बँकेचा ट्रॅकर चॅनेल १३ च्या कुंपणाला वरून. दोघांनाही टीव्हीच्या दोन बाजूंच्या बोळात जागा मिळाली, आणि दोघांच्या नियमांत शेजाऱ्याला त्रास न देण्याची अट आली. लोजॅकच्या बेस स्टेशनपासून १६९ किलोमीटरच्या आत चॅनेल ७ चा ट्रान्समीटर असेल तर प्रेक्षकांना अडथळा होईल का याचं विश्लेषण जोडावं लागतं. ट्रॅकरच्या वरच्या अंगाला तर याहून दांडगा शेजारी होता: अंतराळातले उपग्रह टिपणारं अमेरिकी नौदलाचं रडार कुंपण, २१६.९८ मेगाहर्ट्झवर. त्याचा मुख्य ट्रान्समीटर टेक्सासमधल्याच लेक किकापूला. ताकद शेकडो किलोवॅट, आणि त्याच मेगाहर्ट्झमध्ये आपली १०० मिलिवॅटची गड्डी. ते कुंपण २०१३ मध्ये बंद झालं.

लोजॅकचं काम मुळातच वेगळं. गाडीतलं यंत्र आपणहून बोलत नाही. चोरीची तक्रार पोलिसांच्या संगणकात नोंदली की बेस स्टेशन त्या यंत्राला नाव घेऊन हाक मारतं, आणि मग ते बोलायला लागतं. म्हणून त्यात रिसीव्हरही लागतो. मूळ नियमात मोबाइल यंत्राला २.५ वॅट ताकद, दर १० सेकंदांत २०० मिलिसेकंद बोलायची मुभा, आणि पोलिस प्रत्यक्ष मागावर असतील तेव्हा दर सेकंदाला २०० मिलिसेकंद. २.५ वॅट म्हणजे गड्डीच्या २५ पट. मोकळ्या हवेत त्याचा पल्ला ५ पट होतो, पण शहरात, जिथे ऱ्हास अंतराच्या चौथ्या घातासारखा वागतो, फक्त सव्वादोन पट. गाडीत १२ व्होल्टची बॅटरी आहे म्हणून ही चैन परवडते.

दिशा काढायच्या दोन रूढ पद्धती. पहिलीत दोन अँटेना शेजारीशेजारी, डावीत जोर जास्त की उजवीत ते बघत गाडी वळवायची. स्वस्त आणि मजबूत, पण समोर आणि मागे यात फसते. दुसरीत छपरावर चौकोनात चार अँटेना, एकमेकींपासून पाव तरंगाच्या आसपास अंतरावर. स्विच त्या चारींना गोल फिरवल्यासारखं क्रमाने जोडतो, समजा सेकंदाला ५०० फेऱ्या. त्यामुळे येणाऱ्या लहरीत ५०० हर्ट्झचा खोटा डॉप्लर सूर उमटतो (अँटेनाच जवळ-दूर होत असल्यासारखा), आणि त्या सुराची कला (फेज) मूळ घड्याळाशी ताडली की कोन मिळतो. २०० मिलिसेकंदांत १०० फेऱ्या होतात, सरासरीला पुरेशा. लोजॅकच्या पोलिस गाड्यांच्या छपरावर चार दांड्या दिसायच्या त्या यासाठीच.

फसतं कुठे? उंच इमारतींच्या गल्लीत परावर्तित लहर थेट लहरीपेक्षा जोरदार असते, आणि सुई समोरच्या काचेच्या इमारतीकडे बोट दाखवते. तेव्हा एका कोनावर विसंबू नये. चालत राहायचं, चौकात कोन घ्यायचे, आणि जो कोन जागा बदलली तरी एकाच बिंदूकडे झुकत राहतो तोच खरा. ५ अंशांची चूक १ किलोमीटरवर ८७ मीटर होते. १०० मीटरवर ९ मीटरही नाही. म्हणून जवळ जाण्याला पर्याय नाही. पण अगदी जवळ गेलं की उलटी पंचाईत होते: रिसीव्हर तुडुंब भरतो, सगळ्या दिशांना सारखाच जोर दाखवतो. तिथे अँटेनाच्या मार्गात ॲटेन्युएटर (इशारा मुद्दाम दुबळा करणारा भाग) घालत जायचा, २० डेसिबल, मग ४०. ज्याला हे वेळेवर सुचत नाही तो चोराच्या शेजारी उभा राहून गोल फिरत बसतो.

जमाखर्च

लोजॅकच्या कंपनीबद्दल राहिलेलं भरतो. संस्थापक विल्यम रेगन, मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफील्ड गावचे पोलिस आयुक्त राहिलेले. १९७८ ला कंपनी, १९७९ ला पेटंट, पण सेवा मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू व्हायला १९८६ उजाडलं. मधली वर्षं यंत्रात कमी आणि परवानग्यांत जास्त गेली, १७३.०७५ कायमची मिळाली ती १९८९ मध्ये. इथेही पोलिसांना रिसीव्हर फुकट, पैसे गाडीमालकाकडून. म्हणजे ईटीएसचाच नमुना.

या नमुन्याची अडचण अशी की शहरातला पहिला ग्राहक मिळायच्या आधी टॉवर, पोलिस गाड्या, प्रशिक्षण हा सगळा खर्च करून बसावं लागतं. २० शाखा असोत की २००, स्थिर खर्च जवळपास तोच. त्यामुळे असली सेवा शहर-शहर करून पसरते आणि विरळ वस्तीत पोचतच नाही. लोजॅक २०१६ मध्ये कॅलअॅम्पने सुमारे १३.४ कोटी डॉलरला घेतली, आणि २०२१ मध्ये तिचा अमेरिकेतला व्यवसाय स्पिरिऑनला विकला, त्याच्या कितीतरी कमी किमतीत. स्वतःचे टॉवर हीच जी मालमत्ता होती, तीच जीपीएस आणि मोबाइल नेटवर्कच्या काळात ओझं ठरली: दुसऱ्यांना तेच काम मोबाइल कंपनीच्या टॉवरवर भाड्याने करता येऊ लागलं.

पण भाड्याच्या घराचंही दुखणं असतं. अमेरिकेत कंपन्यांवरची ॲनालॉग मोबाइल सेवा चालू ठेवायची सक्ती फेब्रुवारी २००८ मध्ये संपली, एटी अँड टीचं टूजी १ जानेवारी २०१७ ला बंद झालं, थ्रीजी फेब्रुवारी २०२२ मध्ये. प्रत्येक वेळी खणातली, गाडीतली सगळी यंत्रं बदला. २१६ मेगाहर्ट्झच्या टिकटिकीला असलं काही सोसावं लागलं नाही.

लहरलांबी

जीपीएस आल्यावरही हातात अँटेना का, हे राहिलंच. त्याला कोलोरॅडोतल्या अरोराचं २ जून २०१२ चं प्रकरण बघा. चोरीच्या रोकडीत जीपीएस ट्रॅकर होता. तो एका सिग्नलच्या चौकापर्यंत आला आणि लाल दिव्यावर थांबला. पोलिसांनी चौक वेढला. पण यंत्राची अचूकता ६० फुटांची, म्हणजे सुमारे १८ मीटर, आणि चौकात २० गाड्या. त्यात २९ माणसं. चोर दिसायला कसा, याचीही धड माहिती नाही. मग सगळ्यांना हात वर करून बसवलं आणि जवळून शोधणारा हातातला रिसीव्हर येण्याची वाट बघितली. तो नीट चालवणारा माणूस येईपर्यंत तासाहून अधिक गेला. अखेर रोकड एका गाडीत सापडली. निरपराध लोकांना असं अडकवणं योग्य होतं का हा वाद दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयात गेला, आणि २०१५ मध्ये न्यायालयाने पोलिसांची बाजू उचलून धरली.

म्हणजे ६० फूट हा आकडा जाहिरातीत झकास दिसतो, पण वाहतुकीत १८ मीटर म्हणजे पुढे-मागे चार-चार गाड्या, आणि तेही प्रत्येक रांगेत. जीपीएसने चौक दिला. गाडी हातातल्या रिसीव्हरनेच दिली असती. आणि तो वेळेवर हाताशी नव्हता, हीच त्या दिवशीची खरी उणीव. कंपनी यंत्र देते, पण शिकलेला माणूस प्रत्येक पाळीत हजर असेल याची जबाबदारी कुणाच्याच करारात ठळक नसते.

यात घराच्या आत डोकावण्याचा जुना वादही आहे. १९८३ च्या नॉट्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा बीपरने (टिकटिकणाऱ्या छोट्या ट्रान्समीटरने) माग काढायला वॉरंट नको म्हटलं (क्लोरोफॉर्मच्या पिंपात बीपर होता), आणि १९८४ च्या कॅरो खटल्यात असा बीपर खासगी घरात शिरल्यावर वॉरंट हवं म्हटलं. बँकेच्या गड्डीला या वादाची झळ कमी लागते, कारण गड्डी बँकेच्याच मालकीची आणि चोराने ती स्वतःच उचललेली.

रानवाट

धागा वाचून विदर्भातली रेडिओ कॉलर आठवली, तत्त्व तंतोतंत तेच. २०१९ मध्ये टिपेश्वरचा वाघ चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला तो कळला गळ्यातल्या पट्ट्यामुळेच. उपग्रहावरून ठिकाण काही तासांनी एकदा येतं. त्यावरून जंगलाच्या कोणत्या बीटमध्ये (वनरक्षकाच्या हद्दीत) जायचं ते ठरतं. पुढे झुडपापर्यंत पोचायला जीपसमोर तीन काड्यांची यागी अँटेना धरून पट्ट्यातल्या व्हीएचएफ रेडिओची टिकटिकच ऐकतात. काटकोन यांनी सांगितलेले परावर्तनाचे घोळ तिथे डोंगरकड्यांमुळे होतात, काचेच्या इमारतींमुळे नाही.

भारतात बँकेच्या खणातली गड्डी बोलत नाही, इथे बोलते ती रोकड व्हॅन. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या ऑगस्ट २०१८ च्या नियमांत रोकड वाहून नेणाऱ्या खासगी गाड्यांना जीपीएस सक्तीचं आहे, एका फेरीत ५ कोटींपेक्षा जास्त नको, आणि एटीएममध्ये रोकड भरायची वेळमर्यादा शहरात रात्री ९, ग्रामीण भागात संध्याकाळी ६. पण हा ट्रॅकर गाडीला बांधलेला. पेटी गाडीतून उतरली की तो फक्त रिकामी गाडी कुठे उभी आहे ते सांगतो.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. म्हणजे माझी चूक अशी झाली की मी यंत्राचा वारस शोधत होतो, आणि विकत-विलीन होत होते ते टॉवर आणि भाडेकरार. काटकोन, एक शेवटची शंका: हातातल्या रिसीव्हरला दिशा दाखवणारी अँटेना नसेल तर दिशा मुळीच मिळत नाही का?

काटकोन

कच्ची मिळते. रिसीव्हर छातीशी धरा आणि जागच्या जागी सावकाश गोल फिरा. तुमचं शरीर आडवं आलं की आवाज पडतो. जिथे आवाज सर्वात कमी, तिथे उगम तुमच्या पाठीमागे. मोठ्या आवाजाची दिशा शोधू नका, ती पसरट असते. पडलेल्या आवाजाची खाच बारीक असते. हौशी रेडिओवाले १४५ मेगाहर्ट्झवर लपवलेला ट्रान्समीटर शोधायच्या खेळात हीच युक्ती वापरतात, आणि अगदी जवळ पोचले की रिसीव्हर तिसऱ्या हार्मोनिकवर, म्हणजे मूळ फ्रिक्वेन्सीच्या तिप्पट, ४३५ वर नेतात. तिथे इशारा मुळातच दुबळा असतो, म्हणून ॲटेन्युएटरची गरज पडत नाही.